दौलतची दृष्ट काढली तेव्हा

“अगं वैजू, पडला की गं खाली!”

आत्तींची हाक आली तेव्हा मी आरशासमोर अंबाडा घालत होते. तोंडात पिना तशाच धरून पुढच्या सोप्यात धावले आणि दारातच असा ठसका लागला की पिना भलतीकडेच उडाल्या. सोपा धुरानं भरलेला. साधा धूर नव्हे, मिरचीचा. मधोमध माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, पदरानं नाक दाबून उभ्या. एका हातात जुना तवा, तव्यात बंबातले निखारे, निखाऱ्यांवर मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या. समोर स्टुलावर पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या तळाशी दौलत आडवा पडलेला.

“आत्ती! काय केलंत हे?”

“दृष्ट काढली. सकाळपासनं दाण्याला शिवला नाही बघ. पेरू दिला, मिरची दिली, नुसता डोळे मिटून बसलाय. गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया बघून गेल्या. ‘काय गं बाई रंग, काय गं बाई चोच!’ मग लागणार नाही होय?”

“पोपटाची कुणी दृष्ट काढतं का?”

“म्हशीची काढतो, तुझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलची काढतो, मग पोपटानं काय घोडं मारलंय?”

मी तसाच पिंजरा उचलला आणि मागच्या अंगणात पळाले. मागून आत्ती खोकत खोकत आल्या. “पण वैजू, एवढा ठसका बसला म्हणजे दृष्ट नव्हतीच गं त्याला. असती तर मिरचीचा वाससुद्धा आला नसता.”

“हे आता सांगताय?”

पोपटाला सांभाळायचा अनुभव मला काडीचा नव्हता. मी पिंजऱ्याचं दार उघडलं, त्याला ओंजळीत घेतलं, पदरानं वारा घातला. छाती हलत होती. चोचीवर पाण्याचा थेंब सोडला, तेव्हा त्यानं एक डोळा अर्धा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला. जिवंत होता.

दौलत आमचा असता तर मी एवढी घाबरले नसते. तो शेजारच्या शालनवहिनींचा होता. आणि नुसता पोपट असता तर रडून, पाया पडून, बाजारातून दुसरा आणून मी निभावलं असतं. पण दौलतच्या गळ्यात वहिनींच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज होता.

हे आमच्या इचलकरंजीतलं, पंचवीसेक वर्षांपूर्वीचं. वहिनींचे यजमान, अण्णा लाटकर, सुताचे व्यापारी. सोप्यात दाराजवळ त्यांची खुर्ची आणि खुर्चीच्या वर दौलतचा पिंजरा. अण्णा दिवसभर तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचे, खोकायचे, चहा मागायचे. ते सगळं दौलतनं उचललं. अण्णा वारले आणि त्यांचं बारावं झालं, त्या दिवशी वहिनींनी दाराची कडी काढली, तर मागून अण्णांचाच भरडा आवाज आला, “कुठं चाललीस गं?” आणि वर अण्णांचाच खोकला. गल्लीत कुणाच्या अंगावर काटा आला नाही असं झालं नाही. बायका मुद्दाम ऐकायला यायच्या, कडी वाजवायच्या, आवाज आला की डोळे पुसायच्या. “नशीब लागतं बाई, नवरा गेला तरी काळजीनं विचारणारं घरात आहे,” असं म्हणायच्या. मीसुद्धा म्हणायचे. माहेरची माणसं आली की मीसुद्धा त्यांना घेऊन जायचे ऐकवायला.

वहिनी यावर काही बोलायच्या नाहीत. चहा ठेवायच्या. घराबाहेर तर पडायच्याच नाहीत. भाजीसुद्धा मीच आणून द्यायचे. आम्हाला वाटायचं, अण्णांचा आवाज सोडून जाववत नसेल.

त्यामुळं वहिनींनी जेव्हा मला हळूच विचारलं, “वैजू, नाट्यगृहात तो लावणीचा कार्यक्रम लागलाय, बायकांचा, जायचं का?” तेव्हा मी उडालेच. ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी लागलेली. आत पुरुषाचं नखसुद्धा नाही, डोअरकीपरसुद्धा बाई. आदल्या साली जाऊन आलेल्या बायका महिनाभर गालातल्या गालात हसत होत्या. मला तर जायचंच होतं. लग्न होऊन आल्यापासून यंत्रमागाच्या खडखडाटाशिवाय दुसरं संगीत ऐकलं नव्हतं मी. पण वहिनी? तिकिटंसुद्धा त्यांनीच मागवली, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच पिंजरा घेऊन आमच्या दारात उभ्या.

“संध्याकाळपर्यंत ठेव गं. घर धुऊन काढणार आहे, त्याच्या अंगावर पाणी उडायला नको.”

“ठेवा की. मी बघते.”

“जपून हं,” असं म्हणाल्या, आणि पिंजऱ्याकडं मागे वळूनही न बघता गेल्या. घाईत असतील, असं मला वाटलं.

तेव्हा आता हे असं. तीन वाजून गेलेले, कार्यक्रम साडेसहाला, रिक्षा सहाला येणार, आणि अण्णा लाटकरांचा आवाज माझ्या ओंजळीत डोळे मिटून पडलेला.

पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकलं आणि मागच्या बोळातून गुरांच्या दवाखान्यात निघाले. पुढच्या रस्त्यानं जायची सोय नव्हती, वहिनींची खिडकी त्याच बाजूला. बोळात तीन ठिकाणी गटार उघडं होतं, अर्धा अंबाडा सुटून मानेवर आला होता, आणि प्रत्येक पावलाला मी लुगड्याखाली कान लावून ऐकत होते.

डॉक्टर एका म्हशीच्या मागं कोपरापर्यंत हात घालून उभे होते. तसेच उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, “काय आहे?”

“पोपट.”

“काय झालं?”

“धूर लागला.”

“फोडणीचा?”

“दृष्टीचा. मिरचीचा.”

डॉक्टरांनी म्हशीतून हात काढला. “कुणाची अक्कल ही?” मी खाली बघितलं. सासूचं नाव कसं घेणार? त्यांनी हात धुतले, दौलतला उचलून कानाशी धरलं, चोच उघडून बघितली. “बाई, पाखराची छाती ती केवढी! त्याला काय मिरचीची धुरी देतात? जगेल. उघड्यावर ठेवा, थेंब थेंब पाणी द्या.”

“बोलेल ना?”

“कोण?”

“हा. बोलतो हो तो. बोलायलाच पाहिजे त्याला.”

“आधी जगू दे की! बोलायचं मी काय लिहून देऊ? काही बोलतात, काही कायमचे गप्प होतात.”

परत येताना डोक्यात एकच घोळत होतं. काय सांगायचं वहिनींना? की पोपट आहे, पण अण्णा गेले? एकदा नवरा गेलेल्या बाईला पुन्हा तेच सांगायचं? आणि तेही आज, ती बाई दोन वर्षांनी कुठंतरी निघालेली असताना?

आत्ती अंगणातच बसल्या होत्या. दुपारचा चहा तसाच गार होऊन पडलेला.

“बोलला?”

“जगेल म्हणाले. बोलायचं सांगता येत नाही.”

आत्तींनी कपाळाला हात लावला. “माझ्या हातनं काय झालं गं हे! त्या पोरीला मी दुसऱ्यांदा रंडकी केली की.” आणि त्या चक्क रडायला लागल्या. वीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच विरला.

“रडू नका हो. बोलतं करू आपण त्याला.”

धूर गेल्यावर पिंजरा सोप्यात आणला. पाच वाजता दौलत काठीवर बसला. साडेपाचला पेरूची एक फोड खाल्ली. पण तोंडातून आवाज नाही. आम्ही सगळं करून बघितलं. मी दाराची कडी काढली, घातली, पुन्हा काढली. चपला फरशीवर आपटल्या. “चहा टाकू का अण्णा?” असंही विचारून झालं. तो मान वाकडी करून बघायचा आणि पंखात चोच खुपसायचा. मध्येच मी आत पळून साडी नेसायला घ्यायचे, निऱ्या हातात असतानाच काही ऐकू आल्यासारखं वाटायचं, तशीच बाहेर यायचे. काही नसायचं. अशा तीन वेळा निऱ्या सुटल्या माझ्या.

“त्याला विसर पडला असेल,” आत्ती म्हणाल्या. “लहान पोराला कसं आपण म्हणून दाखवतो, तसं म्हणून दाखवायला पाहिजे.”

“कोण म्हणणार?”

“मी म्हणते की. चाळीस वर्षं भिंतीपलीकडनं ऐकलंय त्या माणसाला.”

आत्तींचा आवाज मुळातच जाड, त्यात मिश्रीनं घोगरा झालेला. त्यांनी स्टूल ओढलं, दाराकडं पाठ करून पिंजऱ्यासमोर बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि घसा खाकरून म्हणाल्या, “कुठं चाललीस गं?”

“अजून जाड,” मी म्हटलं. “आणि शेवटाला जरा ओढा.”

“कुठं चाललीस गंऽ?”

“खोकला राहिला.”

आता त्यांना जोर चढला. पोटापासून आवाज काढून त्या गरजल्या, “कुठं चाललीस गंऽ?” आणि वर असा खोकल्या की मीच दचकले. अण्णाच. हुबेहूब.

आणि त्याच वेळी दारात शालनवहिनी उभ्या होत्या.

जांभळी इरकल नेसल्या होत्या. केसांत गजरा. कपाळावर, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, एक बारीकशी टिकली. पिंजरा आत्तींच्या पाठीआड होता; त्यांना तो दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू आला होता. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अशा त्या थांबल्या. चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं. हात गजऱ्याकडं गेला.

“वैजू, तू जा बाई,” त्या म्हणाल्या. “माझं डोकं चढलंय.” आणि वळून गेल्या.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. वहिनींना वाटलं होतं की दौलत बोलला! आता निदान आजचा दिवस तरी कुणाला काही सांगायला नको. आत्तींनीही माझ्याकडं बघून डोळे मिटले, सुटलो एकदाच्या म्हणून. पण ते सुटणं मला बसूच देईना. ज्या आवाजासाठी बाई जीव टाकते म्हणतात, तो ऐकून तिचा चेहरा असा का व्हावा?

मी तशीच त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. घर धुतलेलं वगैरे काही नव्हतं. फरशी कोरडी, सकाळचं वर्तमानपत्र अण्णांच्या खुर्चीत तसंच. वहिनी जमिनीवर बसून गजऱ्याचा दोरा सोडवत होत्या.

“काय झालं, वहिनी?”

“ऐकलंस की. विचारलं त्यानं.”

“मग विचारू दे की. नेहमीच विचारतो.”

“नेहमीच विचारतो,” त्या म्हणाल्या. गजरा त्यांनी मांडीवर ठेवला. “मारलं नाही गं मला कधी यांनी. आवाजसुद्धा चढवला नाही. नुसते विचारायचे. कुठं चाललीस. मी सांगायची. मग, कशाला. मग, कुणाबरोबर. मग, कधी येणार. सांगता सांगता जायचं मनच उडून जायचं. मग मी चपला काढून ठेवायची. बहिणीचं डोहाळजेवण, आईचं आजारपण, सगळ्याला मी चपला घातल्या आणि काढल्या.”

मी उंबऱ्याकडं बघितलं. आजच्या चपलाही तिथंच काढून ठेवलेल्या.

“ते गेले तेव्हा, पाप लागेल मला वैजू, पण रडता रडता मनात आलं, आता जाता येईल. बारावं झालं, भाजीला निघाले, कडी काढली, आणि मागनं...” त्यांचा आवाज चिरकला. “मेलेला माणूस गं! आणि मी पिशवी ठेवून दिली. गेल्या सालीसुद्धा या कार्यक्रमाचं तिकीट काढलं होतं मी. कुणाला सांगितलं नाही. साडी नेसून दारापर्यंत गेले, यानं विचारलं, आणि परत येऊन भात टाकला. म्हणून आज सकाळीच तुझ्याकडं ठेवला. म्हटलं, घरातनं तरी निघता येईल.”

“मग देऊन का नाही टाकलात कुणाला? सोडून द्यायचा होता.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. “कशी देणार? तुम्ही सगळ्या येऊन डोळे पुसत होता की. नवऱ्याचा आवाज घराबाहेर काढला, असं तुम्हीच म्हणाला असतात मला.”

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. सहा वाजले होते. मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले.

“वहिनी, आता मी सांगते ते ऐका आणि मग काय मारायचं ते मारा. आता जो आवाज ऐकलात तो दौलतचा नव्हता. आत्तींचा होता.”

“काहीतरीच.”

“देवाशप्पथ. दुपारी आत्तींनी त्याची दृष्ट काढली. मिरचीचा धूर लागून पडला तो. डॉक्टरांकडं नेऊन आणला. जगलाय, पण आवाज गेलाय त्याचा. कदाचित कायमचा. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून आम्ही दोघी त्याला शिकवत बसलो होतो.”

वहिनी हसल्या, पण कसनुसं. “मी यावं म्हणून सांगतेस. मला कळत नाही होय? चाळीस वर्षं तो आवाज ऐकला मी. बाई कशी काढेल तसला?”

“कुठं चाललीस गंऽ?” दारातून आवाज आला. आणि मग खोकला.

आम्ही दोघी वळलो. आत्ती दारात उभ्या होत्या. सत्तर वर्षांची बाई, डोक्यावरून पदर, डोळे रडून लाल, आणि तोंडातून अण्णा लाटकर. वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं, मग खुर्चीकडं, मग परत त्यांच्याकडं.

“परत म्हणा,” वहिनी म्हणाल्या.

आत्तींनी परत म्हटलं. दोनदा म्हटलं.

“आणि तो? तो बोलतच नाही?”

“एक अक्षर नाही, पोरी. माझ्या हातनं गेलं. मला माफ कर.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, फुटला बांध. जवळ जाऊन हात धरला, तर बाई हसत होती. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. आत्ती बावरून माझ्याकडं बघायला लागल्या. मग त्यांनाही काहीतरी उमगलं असावं. त्या पुढं आल्या आणि पुन्हा त्याच भरड्या आवाजात, अगदी अण्णांच्या थाटात म्हणाल्या, “जा. बघून ये. माझं काही म्हणणं नाही.”

वहिनींचं हसू थांबलं. डोळे पुसून त्या उठल्या. “आता तुम्ही परवानगी देऊ नका, आत्ती,” त्या म्हणाल्या. “मी निघालेच आहे.”

गजरा मी माळून दिला. माझा अंबाडा तसाच अर्धा. रिक्षावाला ओरडत होता. दाराची कडी वहिनींनी स्वतः लावली, आणि लावून क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या. मग चालायला लागल्या.

कार्यक्रमाचं काय सांगू? ढोलकी सुरू झाली आणि हजार बायका एकदम सुटल्या. कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी पदर खोचून खुर्चीवर चढलंय. वहिनी पहिली लावणी हात मांडीवर ठेवून बसल्या. दुसरीला पाय हलायला लागला. तिसरीला मी वळून बघते तर शेजारची खुर्ची रिकामी. घाबरून शोधलं. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत त्या नाचत होत्या. चांगलं नाचत होत्या असं नाही. हात एकीकडं, पाय एकीकडं. पण मला इतकं भरून आलं की ढोलकी ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी दौलतला बघितलं. पिंजऱ्यातून बोट घालून त्याच्या मानेवर फिरवलं. “तुमच्याकडंच राहू दे, आत्ती,” एवढंच म्हणाल्या. लोक काय म्हणाले? काही नाही. मुक्या पोपटाला कुणी विचारत नाही.

आठवड्यानं आत्ती देवळात निघाल्या, कडी वाजली, आणि मागून आवाज आला. घोगरा, थोडा फाटलेला, पण अण्णांचाच. “कुठं चाललीस गं?” आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. आत्तींनी आधी पुढचं दार लावलं. मग म्हणाल्या, “वैजू, तिला कळता कामा नये.” देऊळ राहिलं. संध्याकाळच्या आत पिंजरा नांदणीला, आत्तींच्या भावाच्या मळ्यात पोचला. तिथं तो रोज खुरपायला निघालेल्या बायकांना विचारायचा आणि त्या “तुझ्या लग्नाला” म्हणून ओरडून पुढं जायच्या.

नंतर कितीतरी वर्षं वहिनी आमच्या दारावरून जाताना थांबायच्या. कधी कोल्हापूरला निघालेल्या, कधी बहिणीकडं, एकदा तर बायकांच्या घोळक्याबरोबर पार काशीला. हातात पिशवी, पायात चपला.

“वैजू, नांदणीला गेली होतीस म्हणे. बोलला का गं तो?”

“नाही हो वहिनी. एक शब्द नाही.”

“बिचारा,” म्हणायच्या, आणि रिक्षाला हात करायच्या.